दुरुस्तीला आलेली इलेक्ट्रिक गिटारची बॉडी विकायची आहे? आधी भोकं मोजा

जुनी इलेक्ट्रिक गिटार सुटी झाली की तिचे भाग वेगवेगळ्या वाटांनी जातात. नेक (तारा दाबायचा लांब दांडा) मित्र घेऊन जातो, पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकीय भाग) दुसऱ्या गिटारीत बसतात आणि बॉडी तेवढी चादरीत गुंडाळून माळ्यावर जाते. दोन-चार पावसाळे काढून ती खाली येते तेव्हा कुठे चीर दिसते, कुठे रंगाचा टवका उडालेला असतो, ब्रिजचे (तारा जिथे अडकवतात त्या भागाचे) स्क्रू गंजलेले असतात. अशी बॉडी विकता येते. अडचण एवढीच की विकणारा रंग, कंपनी आणि "आवाज कसला भारी होता" यावरच बोलत राहतो.

घेणाऱ्याला यातलं फारसं काही नको असतं. तो एका अर्थी भोकांच्या जागा विकत घेतो. त्याच्याकडे नेक पडून असतो, ब्रिज असतो, पिकअप असतात. हे सगळं तुमच्या बॉडीत बसेल का, आणि जे मोडलंय ते दुरुस्त होणारं आहे का, हे दोनच प्रश्न त्याला पडलेले असतात. त्यांची मापासकट उत्तरं दिली तर तडा गेलेली बॉडीही जाते. नाही दिली तर चकचकीत बॉडीवरही लोक "लास्ट किती?" विचारून गायब होतात.

पुढचं सगळं स्क्रूने नेक बसवलेल्या, भरीव लाकडाच्या बॉडीबद्दल आहे, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट), टेलिकास्टर (टेली) आणि त्यांच्या घराण्यातल्या गिटारी. गिब्सन कंपनीच्या लेस पॉलसारख्या गिटारीत नेक चिकटवलेला असतो. तो तुटून बॉडी उरली असेल तर सांध्यात किती लाकूड शिल्लक आहे हा खरा प्रश्न असतो, आणि तो कारागिराला दाखवूनच सुटतो.

हाताशी काय हवं

मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची फूटपट्टी, वर्नियर कॅलिपर (प्लॅस्टिकचा स्वस्तातला चालतो), टॉर्च, स्वयंपाकघरातला वजनकाटा, स्क्रू ड्रायव्हर, सुती फडकं. पिकअप आत असतील तर मल्टिमीटर. स्क्रूसाठी छोट्या पिशव्या घ्या आणि प्रत्येकीवर कुठले स्क्रू ते लिहा. ब्रिजचे, पिकगार्डचे (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे) आणि मागच्या झाकणाचे स्क्रू एकाच डबीत टाकले की लांब स्क्रू चुकून आखूड भोकात जातो आणि पुढून लाकूड फोडतो.

पुसताना

ओलसर पिळलेल्या फडक्यावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग लगेच कोरडं फडकं. एवढं बहुतेक वेळा पुरतं. स्टिकरचा चिकटा राहिला असेल तर त्यावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा आणि बोटाने चोळून काढा. तेल उघड्या लाकडावर मात्र जाऊ देऊ नका. तिथे ते मुरतं आणि नंतर ना गोंद धरतो ना रंग.

थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा रंग असेल तर तो क्षणात विरघळतो. रंग कुठला ते माहीत करून घ्यायचंच असेल तर पिकगार्डखाली लपणाऱ्या जागी कापसाच्या काडीने थिनरचा एक टिपका लावून बघा. रंग चिकट झाला तर लॅकर. काहीच झालं नाही तर पॉलिएस्टर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असण्याची शक्यता जास्त. ही माहिती पुढे पॅकिंगच्या वेळीही लागेल.

खंडेनवमीला वाद्यांची पूजा करणाऱ्या घरांत बॉडीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली असतात. हळदीचा डाग घासून जात नाही, उलट रंगाची चमक जाते. कोवळ्या उन्हात रोज थोडा वेळ ठेवली की हळद काही दिवसांत फिकी पडते. कुंकवाचा रंग उघड्या लाकडात शिरला असेल तर मात्र तो तसाच राहू द्या आणि जाहिरातीत लिहा.

दोष शोधणं: इथे घाई करू नका

सुरुवात नेकच्या पॉकेटपासून (बॉडीत नेक बसतो त्या खोबणीपासून) करा, कारण घेणारा तिथूनच करतो. पॉकेटच्या कोपऱ्यातून बाहेर गेलेल्या बारीक रेषा फार गिटारींत दिसतात. नवखा माणूस घाबरून त्याला "बॉडी फुटली आहे" म्हणतो किंवा गप्प बसतो. दोन्ही चूक. आधी ठरवा की चीर रंगाची आहे की लाकडाची. पॉकेटच्या आतल्या भिंतीवर रंग पातळ असतो किंवा नसतोच. टॉर्च आडवी धरून बघा, बाहेरची रेषा आत उघड्या लाकडावर पुढे जाते का? मग पॉकेटची भिंत अंगठ्याने हलकी बाहेर दाबा. रेषा रुंदावली तर लाकूड गेलं आहे. रुंदावली नाही, आत काही दिसत नाही आणि मागच्या बाजूला त्याच जागी रेषा नाही, तर बहुधा फक्त रंग तडकलेला आहे. हा दोष दिसण्यापुरता.

पॉकेटमधली चार भोकं ढिली आहेत म्हणून किंमत पाडून मागणारे भेटतील. ऐकू नका. बॉडीतल्या या भोकांतून स्क्रू मोकळा जायलाच हवा, साधारण ४.८ मिमीची भोकं त्यासाठीच असतात. आटे धरायचं काम नेकच्या लाकडाचं. बॉडीच्या भोकांनी स्क्रू घट्ट धरला तरच भानगड होते, कारण मग नेक आणि पॉकेट यांच्यात फट राहते आणि स्क्रू कितीही आवळला तरी ती मिटत नाही. पॉकेटमध्ये आधीच्या मालकाने कागद, व्हिजिटिंग कार्ड किंवा पत्र्याची चकती ठेवलेली असेल तर फेकू नका. नेकचा कोन साधण्यासाठी ती ठेवली जाते. फोटो काढा आणि बॉडीबरोबरच द्या.

आता ब्रिज. ०९ ते ४२ च्या (इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी) तारांच्या संचाची एकत्रित ओढ साधारण ३८ किलो असते, आणि ती रात्रंदिवस ब्रिजच्या स्क्रूंवर पडते. सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (दांड्याने हलवता येणारा ब्रिज) असेल तर भोकं नेकच्या दिशेने लांबोळी झाली आहेत का बघा. सहाही भोकं एका रेषेत असल्यामुळे कधीकधी एका भोकातून दुसऱ्यात तडा जातो. तो रंगाखाली लपतो, म्हणून मागच्या ट्रेमोलोच्या कॅव्हिटीतून (कोरलेल्या पोकळीतून) टॉर्चने बघा. दोन धातूच्या खुंट्यांवर टेकणारा ब्रिज, विशेषतः फ्लॉइड रोझ जातीचा (तारा घट्ट अडकवून धरणारा ट्रेमोलो), असेल तर खुंटी पुढे झुकली आहे का पाहा. खुंटीचं भोक आणि ब्रिजजवळच्या पिकअपची कॅव्हिटी यांच्यात लाकूड कमी असतं, तडा तिथेच जातो. हा दोष मोठा. इथे नुसता गोंद पुरत नाही. कारागिराला लाकूड कोरून कठीण लाकडाचा तुकडा बसवावा लागतो आणि भोक पुन्हा पाडावं लागतं.

मग जोड. बहुतेक बॉडी दोन, तीन किंवा अधिक फळ्या जोडून केलेल्या असतात. गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या खालच्या बटणाजवळ पुढून मागे सरळ जाणारी रेषा दिसली तर तो जोड. रेषा नुसती खोलगट असेल तर रंग बसला आहे, दोष किरकोळ. तिच्यात पातळ कागदाचा कोपरा शिरला तर जोड सुटला आहे. नाशिकमध्ये हे होण्याचं कारण साधं आहे. मार्च ते मे हवा कोरडी, त्यात पत्र्याखालचा माळा तापतो आणि लाकूड आकसतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. गोंद आणि रंग त्या तालावर हलत नाहीत.

कीड. रंगावर किंवा कॅव्हिटीत टाचणीच्या डोक्याएवढी, १ ते २ मिमीची भोकं आणि पिठासारखी फिकट भुकटी दिसली तर बॉडी काळ्या कागदावर तीन दिवस ठेवा. ताजी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. अशी बॉडी औषध दिल्याशिवाय विकू नका. ज्याच्या घरी जाईल त्याच्या फर्निचरलाही ती लागू शकते.

जॅकची (केबल खुपसायची) जागा पटकन तपासा. बाजूला पातळ पट्टी असेल तर तिचे स्क्रू आणि भोवतीचं लाकूड. गिटार जॅकवर पडली असेल तर आतून लाकडाची ढलपी निघालेली असते. पट्ट्याच्या बटणाचं भोक सैल असणं हा दोष म्हणावा असा दोष नाही.

शेवटी बॉडी पालथी घाला. वरचा भाग सपाट असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर फडकं टाकून त्यावर ठेवा आणि चारी कोपरे दाबून बघा. डुगडुगली तर लाकूड पिळलेलं आहे. हे क्वचित होतं, पण झालं असेल तर बॉडीची किंमत सजावटीच्या वस्तूइतकीच उरते.

मापं

प्रत्येक माप दोनदा घ्या आणि मिलिमीटरमध्ये लिहा. पुढे दिलेले आकडे फेंडर पद्धतीच्या बॉडीचे आहेत. तुमचे वेगळे आले तर ते चुकले असं नाही. वेगळे आहेत हेच घेणाऱ्याला सांगायचं असतं.

पॉकेटची रुंदी साधारण ५६ मिमी आणि खोली साधारण १६ मिमी. रुंदी दोन ठिकाणी मोजा, आतल्या टोकाला आणि तोंडाशी. रंगाचा थर जाड असेल तर अर्धा मिमी इकडेतिकडे होतो आणि तेवढ्यावरून नेक अडतो. पॉकेटचं आतलं टोक सरळ आहे की गोलाकार, हे आवर्जून सांगा. टेलीच्या नेकचं टोक चौकोनी, स्ट्रॅटचं किंचित गोल, त्यामुळे एकाचा नेक दुसऱ्यात नीट बसत नाही. पॉकेटमधल्या चार भोकांची अंतरं फेंडर पद्धतीत लांबीला ५१ आणि रुंदीला ३८ मिमी येतात. स्वस्त गिटारींत इथेच फरक निघतो. हे माप जाहिरातीत नसेल तर पाचपैकी चार प्रश्न यावरच येतील.

स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतच्या (नेकवरची धातूची आडवी पट्टी) अंतराची दुप्पट. फेंडर पद्धतीत ६४८ मिमी, गिब्सन पद्धतीत साधारण ६२८. मूळ नेक तुमच्याकडे नसेल तर स्केल अंदाजाने लिहू नका. त्याऐवजी पॉकेटच्या आतल्या भिंतीपासून ब्रिजच्या स्क्रूंच्या रेषेपर्यंतचं अंतर द्या. जाणकार त्यावरून हिशेब करतो.

ब्रिजमध्ये भोकं किती आणि पहिल्या भोकाच्या मध्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर किती ते लिहा. जुन्या फेंडर पद्धतीच्या सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोत ते साधारण ५६ मिमी असतं, आशियात बनलेल्या बऱ्याच स्वस्त गिटारींत ५२ ते ५३. फ्लॉइड रोझच्या दोन खुंट्यांमध्ये साधारण ७४ मिमी. सहा स्क्रूंच्या ट्रेमोलोतला हा तीन-चार मिलिमीटरचा फरक फोटोत दिसत नाही, आणि विक्रीनंतरची निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

पिकअपच्या कॅव्हिटी कशा आहेत: तीन सिंगल कॉइलच्या (एका गुंडाळीचे अरुंद पिकअप), एक हंबकर (दोन गुंडाळ्यांचा रुंद पिकअप) आणि दोन सिंगल, की सगळं एकत्र कोरून केलेला हौद? हंबकरची जागा साधारण ७० गुणिले ४० मिमी. पॉटच्या (आवाज आणि टोनचे नॉब ज्यावर बसतात त्या भागाच्या) भोकांचा व्यास बघा. साधारण १० मिमी असेल तर मोठे पॉट बसतात, ७-८ असेल तर छोटे. पिकगार्ड ११ स्क्रूंचं की ८ चं तेही लिहा. जाडी स्ट्रॅट-टेलीत साधारण ४५ मिमी असते. सडपातळ दिसणाऱ्या बॉडी ४० च्या खालीही येतात, आणि मग पूर्ण लांबीचा ट्रेमोलो ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मागून बाहेर डोकावतो.

वजन करा आणि लिहा. हे आणखी महत्त्वाचं अशासाठी की लाकूड ओळखण्याचा मोह टाळता येतो. रंगाखालचं लाकूड आल्डर आहे की बासवुड, हे फोटोवरून छातीठोक सांगणारे पुष्कळ असतात. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. पिकअपच्या कॅव्हिटीत लाकडाचे थर आडवे दिसत असतील तर ते प्लायवुड. भुसा दाबल्यासारखं दिसत असेल तर एमडीएफ. रेषा दिसत असतील तर भरीव लाकूड, आणि किती तुकड्यांचं ते मोजा. एवढं खरं लिहिलं की पुरे. १.८ किलोची बॉडी खांद्याला बरी, २.५ किलोची जड, हे वाजवणाऱ्याला आपोआप कळतं.

कंपनीच्या नावाबद्दल. नेकच्या पट्टीवर (मागे नेकचे स्क्रू जिच्यातून जातात ती धातूची पट्टी) क्रमांक कोरलेला असला तरी पट्टी चार स्क्रूंची वस्तू आहे, ती कुठूनही येऊ शकते. फेंडरने १९७६ पासून क्रमांक हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर) द्यायला सुरुवात केली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गिटारींच्या सुट्या बॉडीवर क्रमांक सापडतच नाही. पॉकेटमध्ये किंवा पिकगार्डखाली शिक्का, पेन्सिलने लिहिलेली तारीख वगैरे असेल तर तिचा फोटो द्या. काहीच नसेल तर "स्ट्रॅट आकाराची बॉडी" म्हणा. नकली लोगोच्या गिटारीची बॉडी कंपनीच्या नावाने विकणं ही सरळ फसवणूक आहे.

काय दुरुस्त करावं आणि काय नाही

विकण्याआधी स्वतः दुरुस्ती करायची हौस बहुतेकांना असते. आवरा. अर्धवट दुरुस्ती मोडलेल्या बॉडीपेक्षा स्वस्त जाते, कारण घेणाऱ्याला आधी तुमचं काम उपसून काढावं लागतं.

करण्यासारखं एकच काम आहे: पट्ट्याच्या बटणाचं, पिकगार्डचं किंवा जॅकच्या पट्टीचं सैल भोक. दोन-तीन टूथपिक लाकूडकामाच्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात बसवा, बाहेरचं टोक पटाशीने सपाट छाटा, २४ तास वाळू द्या, मग स्क्रूच्या गाभ्याइतक्या जाडीच्या बिटने नवं भोक पाडा. बिट नसेल तर भोक पाडूच नका, तसंच सोडा.

ब्रिजच्या भोकांना हा टूथपिकचा उपाय करू नका. तिथे ओढ सतत असते. कठीण लाकडाची ६ किंवा ८ मिमीची खुंटी गोंद लावून बसवावी लागते आणि भोकं नेमक्या जागी पाडावी लागतात. ड्रिल स्टँड नसेल तर भोक तिरकं जातं आणि ब्रिज कायमचा वाकडा. सुटलेल्या जोडात गोंद ओतून शिकंजा लावणंही तसंच. आत जुना गोंद आणि मळ असतो, नवा गोंद लाकडाला धरतच नाही, आणि पुढच्या कारागिराला दोन थर काढावे लागतात.

एम-सील भरू नका. घराघरांत सगळ्या गळतीवर तोच उपाय असतो, पण लाकडात वाळलेलं एम-सील दगडासारखं होतं. बाजूचं लाकूड मऊ, हे कठीण, त्यामुळे ड्रिल घसरतं. आधीच भरलेलं असेल तर ते कुठे आहे ते सांगा. टवका उडालेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून रंगाचा हातही मारू नका. झाकलेला दोष सापडला की घेणारा बाकीच्या सगळ्या दाव्यांवर संशय घेतो.

सुटी द्यायची की सामानासकट?

बॉडीला मोठा तडा असेल तर पिकअप, पॉट, ब्रिज काढून वेगळे विका. एकत्र विकलं तर सगळ्याला तड्याचा भाव लागतो. पिकअप काढण्याआधी वायरिंगचा जवळून फोटो घ्या. वायर मुळाशी कापू नका, डागाच्या जागी सोल्डर सोडवा. मल्टिमीटरवर सिंगल कॉइल साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवते, हंबकर त्याहून जास्त. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली असण्याची शक्यता आहे. ब्रिजला जाणारी अर्थिंगची वायर लाकडातल्या बारीक भोकातून गेलेली असते. ती ओढून काढू नका, बॉडीतच राहू द्या. पुन्हा ओवताना घेणाऱ्याचा जीव जातो.

दोष किरकोळ असेल तर नेकची पट्टी, चार स्क्रू, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा आणि मागचं झाकण बॉडीबरोबर द्या. या वस्तू सुट्या विकून हाती फार लागत नाही, पण त्या असल्या की बॉडी पटकन जाते.

किंमत

त्याच भोकांची नवी, बिनरंगाची बॉडी ऑनलाइन किती रुपयांना मिळते ते बघा. एखाद्या सुताराला किंवा गिटार दुरुस्त करणाऱ्याला फोटो दाखवून दुरुस्तीचा खर्च विचारा. नव्या किमतीतून तो खर्च वजा करा आणि उरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास थांबा. समजा नवी ६००० ची, दुरुस्ती २००० ची, उरले ४०००. मग २००० ही खरी किंमत आणि जाहिरातीत २४०० लिहा, घासाघीस होणारच. निम्मं का? कारण दुरुस्ती फसण्याचा धोका घेणारा उचलतो आणि त्याचा वेळ फुकट नसतो. नामांकित, जुनी आणि ओळख पटलेली बॉडी असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे रंग न छेडलेला असणं हीच मोठी किंमत असते.

वाद्यांच्या दुकानात विचारायला हरकत नाही, पण दुकानदाराला चालू गिटार हवी असते. त्यांच्या दुरुस्ती करणाऱ्याला सुटे भाग लागतात का एवढंच विचारा.

फोटो आणि मजकूर

सकाळी गॅलरीत, थेट ऊन नसताना फोटो काढा. पुढून, मागून, चारी कडा, पॉकेट वरून आणि आतून, ब्रिजची भोकं, प्रत्येक कॅव्हिटी. प्रत्येक दोषाचे दोन फोटो, एक लांबून, एक जवळून पट्टी ठेवून. बारीक चिरेला टॉर्च आडवी धरा, समोरून फ्लॅश मारला तर ती दिसत नाही.

शीर्षकात नुसतं "बॉडी विकणे आहे" लिहू नका. आधी ट्रकवाल्यांचे फोन येतील, मग चेष्टा करणाऱ्यांचे. इंग्रजीत शोधणारे जास्त असतात, म्हणून शीर्षक इंग्रजीतही द्या. मजकूर असा असू शकतो:

"स्ट्रॅट आकाराची इलेक्ट्रिक गिटार बॉडी, उजव्या हाताची, दुरुस्ती हवी. नेक नाही. पॉकेट ५६ × १६ मिमी, टोक गोलाकार, भोकं ५१ × ३८. ट्रेमोलो सहा स्क्रू, ५२.५ मिमी. कॅव्हिटी एक हंबकर, दोन सिंगल. जाडी ४४ मिमी, वजन २.१ किलो. भरीव लाकूड, तीन तुकडे. दोष: खालचा जोड ११ सेंमी सुटला आहे, कागद आत जातो. पॉकेटजवळची चीर फक्त रंगाची. पट्ट्याचं बटण नाही. बरोबर नेकची पट्टी, स्क्रू, मागचं झाकण. नाशिक, भेटून बघता येईल."

दोष मजकुराच्या तळाशी लपवू नका. अशी बॉडी शोधणारा माणूस दोषच शोधत असतो: कुणाला रंगकाम शिकायचं असतं, कुणाला लाकूडकामाचा सराव. कॉलेजातल्या बँडची मुलं, ऑर्केस्ट्रात वाजवणारे आणि बेंजो पथकातले वादक यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एकदा टाका. तिथे मोठ्या संकेतस्थळांपेक्षा कमी पण कामाचे फोन येतात.

भेट आणि पैसे

नाशिकचाच माणूस असेल तर कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॉफीच्या दुकानात, उजेडात भेटा. त्याला नेक घेऊन यायला सांगा. तिथेच पॉकेटमध्ये बसवून बघितला की नंतरचे वाद मिटतात. नेक अडला तर जोर लावू देऊ नका, पॉकेटचा कोपरा तडकतो. मुंबईचा माणूस असेल आणि ओळखीतलं कुणी पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाऊन करत असेल, तर त्याच्या हाती पाठवणं कुरियरपेक्षा बरं.

"मी सैन्यात आहे, बदली झाली, बघायला येता येत नाही, आगाऊ पैसे पाठवतो" असा फोन आला आणि पाठोपाठ क्यूआर कोड आला, तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पुरावा नाही, स्वतःच्या बँकेचं खातं उघडून बघा. फसगत झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

व्यवहार झाला की दोन ओळींचा मेसेज पाठवा: काय दिलं, कोणत्या दोषांसकट, किती रुपयांना, कोणत्या तारखेला. समोरच्याचं "ठीक आहे" येऊ द्या.

कुरियरने पाठवताना

आधी सगळं बाहेर आलेलं सामान काढा: ट्रेमोलोचा दांडा, नॉब, पट्ट्याची बटणं आणि शक्यतो ब्रिजही. ब्रिज जड असतो. खोकं आपटलं की तो आधीच सैल झालेल्या भोकांवरच घाव घालतो. स्प्रिंगा सोडवून पिशवीत घाला.

बॉडीला पहिला थर साध्या सुती कापडाचा किंवा कोऱ्या कागदाचा द्या. लॅकरच्या रंगाला बबलरॅप थेट गुंडाळला तर उष्णतेने गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. मग फोम, मग बबलरॅप. पॉकेटमध्ये थर्माकोलचा नेमका कापलेला तुकडा बसवा, म्हणजे दाब पडला तरी भिंती आत वळत नाहीत. दोन्ही शिंगांना (नेकच्या दोन बाजूंना पुढे आलेली बॉडीची टोकं) आणि खालच्या टोकाला दुप्पट जाडी द्या, खोकं उभं पडलं की मार तिथे बसतो.

खोकं किमान पाच प्लायचं (पाच थरांच्या पुठ्ठ्याचं) घ्या. हंगामात घरात द्राक्षाच्या पेट्या पडलेल्या असतात, पण त्यांचा पुठ्ठा त्या कामापुरता, हवेला भोकं पाडलेला, आणि आकारही पुरत नाही. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा, मजबूत खोकी मिळतात. चारी बाजूंनी ५ सेंमी भर राहिला पाहिजे. बंद करून हलवा, आत काही सरकलं तर पुन्हा उघडा. पावसाळ्यात बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळा, पण बॉडी ओलसर असताना नव्हे, कारण ओल आत कोंडली जाते. पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा आणि घेणाऱ्यालाही उघडतानाचा काढायला सांगा.

भाडं आधी विचारा, कारण ते बहुधा वजन आणि आकारमान यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. स्ट्रॅटची बॉडी साधारण ४६ × ३२ सेंमी, भर धरून खोकं ५६ × ४२ × १५ होतं. बरेच कुरियरवाले सेंटिमीटरचा गुणाकार ५००० ने भागतात. म्हणजे २ किलोच्या बॉडीचं भाडं ७ किलोचं. हा आकडा किमतीआधीच घेणाऱ्याला सांगा. टपाल खात्याच्या पार्सलचा दरही विचारून ठेवा. विमा घेणार असाल तर वापरलेल्या, आधीच तडा असलेल्या वस्तूला भरपाई मिळते का ते लेखी विचारा.

पावसाळ्यात पोहोचलेली बॉडी उघडून लगेच नेक बसवू नका, दोन दिवस खोलीत राहू द्या, असंही कळवा. ओल प्यालेलं पॉकेट नेकला घट्ट होतं. मग घेणारा ते पॉलिश पेपरने घासतो, आणि मार्चमध्ये तिथे फट पडते.

महिनाभरात एकही गंभीर फोन आला नाही तर किंमत उतरवण्याआधी मजकूर तपासा, एखादं माप राहिलेलं असतं. तरीही नाही गेली तर उरलेलं सामान काढून घ्या आणि बॉडी रंगकामाचा सराव करणाऱ्याला वाहतूक खर्चात द्या.